बावखल उपसायचा दिवस

मी विजेची स्कूटर चालवते. हे आधीच सांगून टाकते, कारण या प्रकरणात मी कुठेही तोंड उघडलं की समोरचा माणूस मान तिरकी करून विचारतो, "म्हणजे तुमचा विजेच्या गाड्यांना विरोध आहे का?" नाही. माझी स्कूटर ओटीवरच्या साध्या प्लगवर चार्ज होते आणि तिच्यावरून मी सुकेळ्यांची खोकी नंदाखालपासून विरारपर्यंत पोचवते. धूर नाही, आवाज नाही. मागे बसलेल्या माणसाचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं, एवढा एक तोटा सोडला तर माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही.

सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. आमच्या वाडीत राजेळीची लागवड नवऱ्याच्या आजोबांपासून आहे. नवरा नोकरीला मुंबईत, त्यामुळे वाडी मी बघते. लग्न होऊन आले तेव्हा मला केळीचा खुंट आणि कोंब यातला फरक कळत नव्हता. शिकले. त्यात काही मोठेपणा नाही, करायला दुसरं कोणी नव्हतं.

आमचा सगळा पट्टा विकास आराखड्यात हिरवा रंगवलेला आहे. हिरव्या पट्ट्यात बांधकामाला मनाई. ही मनाई आम्हाला हवीच होती. ती राहावी म्हणून इथली माणसं उन्हातान्हात धरण्याला बसलेली आहेत, मीही बसलेली आहे. म्हणून सुकेळी वाळवायला वाडीत चार खांबांवर पत्र्याची शेड टाकायची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली, तेव्हा मी चडफडले, पण भांडले नाही. म्हटलं, नियम आहे. आज माझी शेड, उद्या शेजाऱ्याचं गोदाम, परवा इमारत. मी केळी अंगणात वाळवत राहिले.

त्यानंतर वर्षही उलटलं नसेल. पावसाच्या तोंडावर आमच्या वाडीच्या रस्त्याकडच्या बाजूला एक भलामोठा फलक उभा राहिला. त्यावर हिरवीगार टेकडी, निळं आभाळ, पांढरी मोटार आणि खाली लिहिलेलं की इथे लवकरच विजेच्या गाड्यांचं चार्जिंग केंद्र होत आहे. सोबत उपाहारगृह आणि प्रशस्त पार्किंग. आमच्याकडे टेकडी नाही. ती कुठून आणली देव जाणे. पण फलकाच्या मागे जे होतं ते चित्रात नव्हतं. फलकाच्या मागे आमचं बावखल होतं.

बाहेरच्या माणसाला बावखल समजावून सांगावं लागतं. ते तळं नव्हे, विहीरही नव्हे. जुन्या लोकांनी वाड्यांच्या कडेला खणून ठेवलेला हा मोठा, खोल खळगा. त्यात पावसाचं पाणी साठतं आणि तळातल्या झऱ्यांचंही येतं. काठावर भेंडीचे मोठाले वृक्ष, करंज, उंबर. समुद्र इथून लांब नाही, जमिनीखालचं खारं पाणी आत सरकायला टपलेलंच असतं. बावखलातलं गोडं पाणी त्याला अडवून धरतं. पलीकडच्या आळीतलं बावखल बुजवून लोकांनी त्यावर बंगला बांधला; तिथल्या विहिरी मचूळ झाल्या आणि त्या वाड्यांत आज राजेळी लागत नाही. नारळ तेवढे तग धरून आहेत. म्हणजे आमचं बावखल गेलं तर काय जाईल हे आम्हाला कोणी अहवाल लिहून सांगायची गरज नव्हती. विहीर जाईल, विहिरीमागून केळी जातील.

हे बावखल चार घरांचं. आमचं, आमच्या काकींचं, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंचं, त्यांच्या थोरल्या मुलाचं, ज्यांना मी भाऊजी म्हणते, आणि चौथं घर कधीच गाव सोडून गेलेलं. त्या चौथ्या घराने रस्त्यालगतची आपली भातजमीन कंपनीला विकली आणि तिच्याबरोबर बावखलातला आपला हिस्साही विकला. चार जणांच्या पाण्यातला एक हिस्सा कसा विकता येतो आणि घेणाऱ्याने तो कुठून कुठपर्यंत मोजून घेतला, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. कंपनीच्या नकाशात मात्र ते फार सोपं होतं. बावखल जिथे होतं तिथे पार्किंग दाखवलं होतं.

मी नगररचनेच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं, हे नमूद करते. माणूस सभ्य होता. त्यांनी फाइल काढली आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, चार्जिंग केंद्र ही सार्वजनिक सोय आहे. हरित पट्ट्यात ती चालते."

"आणि उपाहारगृह?"

"गाडी चार्ज व्हायला वेळ लागतो ना. लोक तेवढा वेळ करणार काय?"

"माझी केळी वाळायलाही वेळ लागतो, साहेब. मला चार खांब मिळाले नाहीत."

त्यावर ते हसले. मला वाटतं त्यांना ते खरंच गमतीदार वाटलं. मी बावखलाचं विचारलं. त्यांनी पाहणीचा कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला. त्यात लिहिलं होतं: जागेवर वापरात नसलेला कोरडा खड्डा आढळला. त्यात पाणी नसल्याचे स्थानिक रहिवाशाने स्वतः सांगितले.

मी तो कागद पुन्हा वाचला. मग पाहणीची तारीख बघितली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो बावखल उपसायचा दिवस होता.

आम्ही दर वर्षी मे महिन्यात बावखल उपसतो. पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेव्हा पंप लावून उरलेलं बाहेर काढायचं, तळाचा गाळ घमेल्यांनी उचलायचा आणि तो केळींच्या बुंध्याला घालायचा. त्या गाळासारखं खत विकत मिळत नाही. चिखलात सापडलेल्या माशांचे घरटी वाटे होतात, त्या दिवशी कोणाच्या घरी भाजी शिजत नाही. गाळ काढला की झऱ्यांची तोंडं मोकळी होतात आणि बावखल पुन्हा भरायला लागतं. काढला नाही तर काही वर्षांत झरे बुजतात, पाणी हिरवं होऊन कुजतं, आणि मग त्याला खड्डा म्हणणारे खोटं बोलत नाहीत. थोडक्यात, बावखल जिवंत ठेवायचं तर ते वर्षातून एकदा रिकामं करावं लागतं. आणि नेमक्या त्या दिवशी, मी केळींत गाळ पसरत असताना, पाहणीला माणसं आली होती.

रहिवाशाने स्वतः सांगितलं, तो रहिवासी कोण, हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही.

"भाऊजी," मी त्यांच्या अंगणात स्कूटर लावतानाच विचारलं, "मे महिन्यात उपसणीच्या दिवशी कोणी शर्टपँटवाले आले होते का?"

"आलेले की दोघं. शेतकी खात्याचे."

"शेतकी खात्याचे हे त्यांनी सांगितलं की तुम्ही ठरवलंत?"

भाऊजी विचारात पडले. "हातात नकाशा होता. मला वाटलं गाळ काढायच्या योजनेतून आलेत. म्हटलं, आपलं काम बघून चार लोकांना सांगतील."

"आणि तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"काय सांगणार? खरं ते सांगितलं. म्हटलं, बघा साहेब, थेंब ठेवला नाही आत. खडखडीत केलंय. चप्पल न भिजवता पलीकडे जाऊन दाखवतो."

"आणि गेलात?"

"गेलो ना. ते फोटो काढत होते."

तो फोटो मी फाइलमध्ये पाहिला होता. रिकाम्या बावखलाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे असलेले आमचे भाऊजी, लग्नात असतात तसे हसरे.

ओटीवर काकी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "याला लहानपनापासून सांगते, कोन आलाय ते विचार आधी. पानी दाखव, पान दे, मग बोल. हा आधी बोलतो."

"आई, तू पण होतीस तिथे! तूच त्यांना सरबत दिलंस!"

"सरबत दिलं. बावखल नाय दिलं."

मला भाऊजींचा राग आला नाही, असं म्हणणार नाही. आला. पण तो घरापुरता होता. ज्याने आयुष्यभर बावखल स्वच्छ ठेवलं त्याने आपलं काम अभिमानाने दाखवलं, यात चूक शोधायची तर किती शोधणार? माझा खरा राग त्या दोन शर्टपँटवाल्यांवर होता. समोर पंप लावलेत, उपसलेलं पाणी वाडीत साचलंय, एका टोकाला बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहून घमेली चढवताहेत, टोपलीत मासे तडफडताहेत, आणि हे लिहितात, वापरात नसलेला खड्डा! मासे काय हवेतून पडले होते?

आम्ही हरकत घेतली. काकी, भाऊजी आणि मी, तिघांच्या सह्या. साहेब म्हणाले, ठीक आहे, फेरपाहणी करू. आणि ती त्यांनी ऐन जुलैत केली.

वसईतला जुलै ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. रस्त्यावर पाणी, अंगणात पाणी, भातखाचरं तुडुंब, आणि त्या सगळ्यात काठोकाठ भरलेलं बावखल. मी छत्री घेऊन साहेबांच्या बाजूला उभी होते. म्हटलं, आता तरी दिसलं. त्यांच्याबरोबर कंपनीचा एक तरुण आला होता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वागायला अगदी अदबशीर. तो म्हणाला, "आंटी, टेन्शन नका घेऊ. इकडे तर सगळीकडेच पाणी आहे."

कागदावर तसंच आलं. परिसरात पावसाचे पाणी साचलेले असून सदर खड्ड्यातही ते साचल्याचे आढळले.

मे महिन्यात पाणी नव्हतं म्हणून तो खड्डा. जुलैत पाणी होतं, पण ते साचलेलं. मी नवऱ्याला म्हटलं, "यांच्या हिशेबाने बावखल नक्की कोणत्या महिन्यात बावखल असतं?"

नवरा म्हणाला, "तू इतकी चिडू नकोस. चार्जिंग स्टेशन वाईट नाही. पेट्रोल पंपापेक्षा बरं."

"चार्जिंग स्टेशन हवं तिथे नाही, ते वाईट आहे," मी म्हटलं. माझी बहीण विरारला सातव्या मजल्यावर राहते. त्याच इमारतीत राहणाऱ्या तिच्या जावयाने विजेची मोटार घेतली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर लावायला परवानगी मागितली, तर कमिटीने आग लागेल म्हणून नाही म्हटलं. तो रात्रीचं जेवण झालं की गाडी घेऊन कुठे कुठे चार्जिंग शोधत फिरतो. त्या इमारतीत, तिच्या शेजारच्या इमारतीत, त्या रांगेतल्या सगळ्या इमारतींत गाड्या आहेत. चार्जर तिथे हवेत. स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये हवेत, हायवेला हवेत. आमच्या केळींमध्ये कोण गाडी लावणार आहे? शनिवार-रविवारी समुद्रावर जाणारे. त्यांनी गाडी लावून भजी खावी म्हणून आम्ही विहिरी खाऱ्या करून घ्यायच्या, आणि वर कोणी विचारलं तर त्याला पर्यावरण म्हणायचं!

सुनावणी दिवाळीनंतर झाली. मी माझा मुद्दा सरळ मांडला: आता या. पाऊस संपलाय, उपसणी लांब आहे, बावखल जसं असतं तसं आहे. साहेबांनी मान हलवली. "पावसाळा नुकताच संपलाय मॅडम. हे पाणी पावसाचं की झऱ्याचं, कसं ठरवणार? आपण असं करू, उन्हाळ्याच्या शेवटी बघू. तेव्हा पाणी असेल तर मान्य, नसेल तर नाही. तोवर कामाला स्थगिती."

बाहेर आल्यावर भाऊजी खूश होते. स्थगिती मिळाली! मला मात्र तिथल्या तिथे कळलं की आम्ही कात्रीत सापडलो आहोत. उन्हाळ्याचा शेवट म्हणजे उपसणी.

पुढचे काही महिने घरात दुसरा विषय नव्हता. वकिलाने सांगितलं, या वर्षी पंपाला हात लावू नका. पाणी जेवढं आहे तेवढं राहू द्या, साहेबांना दाखवा, निकाल लागला की पुढच्या वर्षी उपसा. ऐकायला शहाणपणाचं होतं. पण आदल्या पावसात रस्त्याकडून भरपूर माती वाहून आली होती, कारण कंपनीने फलक लावताना काठ खणला होता. पाणी मार्चमध्येच गढूळ दिसायला लागलं होतं. काकींनी काठावरून नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "या साली सोडलं तर झरे बसले. मग दाखवा साहेबाला काय ते."

"आई, एक वर्षाने काय होतंय?" भाऊजी म्हणाले.

"तू एक वर्ष आंघोळ करू नको. मग सांग काय होतंय."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि तेच मला असह्य होत होतं. उपसलं तर ते म्हणणार खड्डा. नाही उपसलं तर खरंच खड्डा होणार. आपलं पाणी आहे हे सिद्ध करण्यासाठी आपणच ते मारायचं, असा हा न्याय.

मी रात्रंदिवस विचार वगैरे करत बसले नाही. एक दिवस केळीचे घड उतरवून झाले, खुंट तोडून बाजूला पडले होते, तेव्हा मनात आलं की आपण बावखल एकदम का उपसतो? चार घरांना एकाच दिवशी सुट्टी सोयीची म्हणून. दुसरं काही कारण नाही. मधे बांध घातला तर? एक बाजू उपसायची, दुसरीकडे पाणी ठेवायचं.

भाऊजी म्हणाले, बांध फुटेल. काकी म्हणाल्या, बांधाखालचा गाळ तसाच राहील. दोन्ही खरं होतं. मी म्हटलं, यापेक्षा चांगलं काही सुचत असेल तर सांगा. कोणाला सुचलं नाही. मग आम्ही केळीचे खुंट आडवे रचले, मधे मातीच्या गोण्या दाबल्या, वरून चिखल लिंपला. बांध दिसायला अगदी बेढब होता. आधी दोन ठिकाणी गळला, तिथे पुन्हा चिखल थापला. शेवटी उभा राहिला. साहेबांच्या पाहणीच्या आदल्या दिवशी आम्ही पलीकडची बाजू उपसली, गाळ काढला, आणि अलीकडे पाणी तसंच ठेवलं.

साहेब आले. कंपनीचा तरुणही आला. त्याने रिकामी बाजू बघितली आणि लगेच फोन काढला. "सर, ड्राय आहे."

"ही बाजू आम्ही काल रिकामी केली," मी म्हटलं. "ती बाजू केली नाही. दोन्ही बघा आणि मग लिहा. घाई असेल तर उद्या या."

साहेबांना घाई नव्हती, ऊन फार होतं. ते भेंडीच्या सावलीत बसले. काकींनी सरबत आणलं. या वेळी पेला देण्याआधी त्यांनी विचारलं, "तुमी कोन? कुठून आलाव?" साहेबांनी नाव आणि हुद्दा सांगितला. कंपनीच्या पोराला विचारलं, त्यानेही सांगितला. मग काकींनी दोघांना सरबत दिलं आणि भाऊजींकडे असं बघितलं की भाऊजी काठावरचं गवत उपटायला लागले.

बोलता बोलता दुपार झाली. भाऊजींनी गाळ काढून साफ केलेल्या तळात खड्डे पाडल्यासारखी चारपाच ओली वर्तुळं दिसत होती. ती हळूहळू मोठी झाली, एकमेकांना मिळाली. साहेब उठून बांधापाशी गेले. "हे इकडून झिरपतंय का?"

"बांधाकडची बाजू बघा, साहेब. तिथे कोरडं आहे. पाणी त्या टोकाकडून येतंय."

ते खाली उतरले. त्यांचे चकचकीत बूट टाचेपर्यंत रुतले. त्यांनी वाकून पाण्यात बोट घातलं आणि, मला हे अपेक्षित नव्हतं, ते जिभेला लावलं. "गोडं आहे," ते म्हणाले. आवाजात आश्चर्य होतं. इतक्या वर्षांत या खात्यात हरित पट्ट्याच्या फाइली हाताळणाऱ्या माणसाला इथलं पाणी गोडं असल्याचं आश्चर्य वाटावं, याचंच मला आश्चर्य वाटलं. पण ते लिहीत होते.

निकाल आला तेव्हा भाऊजी पेढे आणायला निघाले होते. मी म्हटलं, आधी शेवटपर्यंत वाचू द्या.

चार्जिंग केंद्र शेजारच्या भातजमिनीवर होणार होतं. उपाहारगृहासकट. पार्किंग मागे सरकवलं होतं. बावखल बुजवायला मनाई होती, आणि ते नैसर्गिक जलस्रोत आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. एवढ्यासाठी वर्षभर चपला झिजवल्या होत्या, तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. भातजमीन गेली हे वाईट झालं, पण ती ज्याची होती त्याने विकली होती. मग शेवटची अट आली. सदर जलस्रोताचे संरक्षण व्हावे म्हणून त्यातील पाणी कोणत्याही कारणास्तव उपसून तो रिकामा करण्यास सर्व संबंधितांना मनाई करण्यात येत आहे.

सर्व संबंधितांना. म्हणजे आम्हाला.

मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले. साहेब मनापासून खूश दिसले. "मॅडम, तुमच्या मनासारखंच झालं ना? कंपनीला पंप लावता येऊ नये म्हणून मुद्दाम अट घातली."

"साहेब, उपसलं नाही तर ते मरतं. तुम्ही स्वतः बघितलंत झरे कुठून येतात."

"बघितलं ना, म्हणूनच. इतकं चांगलं पाणी, कशाला रिकामं करायचं?" मग माझा चेहरा बघून ते म्हणाले, "तुम्ही रीतसर अर्ज करा. स्वच्छतेसाठी विशेष परवानगी देता येते का ते बघू."

अर्ज केला. त्यावर आठवण पाठवली. पुन्हा आठवण पाठवली. उत्तर आलं नाही. ज्यांनी खड्डा बुजवायची परवानगी एका फेरीत दिली त्यांना गाळ काढायची परवानगी वर्षभरात देता आली नाही.

दरम्यान केंद्र उभं राहिलं. रस्त्याच्या कडेने चकचकीत फरशी, उंच चार्जर, काचेचं उपाहारगृह. शनिवारी-रविवारी गाड्या येतात, बाकी दिवस रखवालदार खुर्चीत पेंगत असतो. बावखलाच्या बाजूला त्यांनी लोखंडी कठडा लावला आणि तिथे टेबलं टाकली, कारण लोकांना पाण्याचं दृश्य आवडतं. जे बुजवायला निघाले होते ते आता त्याचे फोटो जाहिरातीत टाकतात.

या मे महिन्यात पाणी पुन्हा गढूळ झालं. मागच्या वेळी बांधाखाली राहिलेला गाळ मधोमध उंचवट्यासारखा बसला होता. आम्ही तिघं काकींच्या ओटीवर बसलो. भाऊजी म्हणाले, "परवानगी नाही आली अजून."

"नाही आली," मी म्हटलं.

"नोटीस येईल."

"येईल."

काकींनी विचारलं, "पंप कोनाचा लावायचा?"

एवढीच चर्चा झाली. मी कार्यालयाला लेखी कळवलं की अमुक दिवशी आम्ही बावखल उपसणार आहोत, पूर्ण, बांध न घालता, आणि पाहणीला यायचं असेल तर यावं. रविवार निवडला. नवऱ्याला सुट्टी होती.

सकाळी दोन्ही पंप सुरू झाले आणि पाणी वाडीत वाहायला लागलं. ऊन चढेपर्यंत तळ दिसायला लागला, चिखलाचा वास सुटला. कठड्यापलीकडच्या टेबलांवरून माणसं नाकाला रुमाल लावून उठली, काही जण मात्र मोबाइल घेऊन पुढे आली. मग तो कंपनीचा तरुण धावत आला, आता तो तिथला मॅनेजर झाला होता.

"आंटी, हे काय करताय? आज संडे आहे! कस्टमर जातायत. आणि हे अलाउड नाहीये, ऑर्डर आहे."

"माहीत आहे. मीच मिळवलेली ऑर्डर आहे ती."

"मग? मला कम्प्लेंट करावी लागेल."

"कर. पत्ता हवा असेल तर माझ्याकडे आहे."

"तलाव भरलेला असला की चांगला दिसतो, कशाला खाली करता? असाच ठेवा ना कायमचा."

मी घमेलं खाली ठेवलं. त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, झरे, गाळ, खारं पाणी, राजेळी. मग म्हटलं, का म्हणून? दोन वर्षं मी शर्टपँटवाल्यांना हेच सांगते आहे. सांगून झालं.

खालून काकींचा आवाज आला. त्या साडी खोचून काठाच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि भाऊजी तळात उतरून मॅनेजरकडे बघत थांबले होते. "अरे, तू काय बघतोस वर! त्या टोकाला खनायला घे. तिथला झरा बसलाय."

भाऊजींनी फावडं उचललं. मी घमेलं डोक्यावर घेतलं आणि केळींकडे निघाले.

नोटीस आठवड्यात आली. खुलासा मागितला आहे. मी तो लिहिणार आहे, पण आधी गाळ पसरवून होऊ दे. सुकला की दगड होतो.